पेटीतले पाहुणे

एका जंगलात, बाळांनो, घरोघरी बिळं होती आणि बिळाबिळात संगणक होता. संगणक म्हणजे एक लाकडी पेटी. आत कामकरी मुंग्या राहायच्या. बाहेरून कळ दाबली की मुंग्या पळापळ करायच्या आणि पडद्यावर चित्र उमटायचं. हसू नका. तुमच्या घरच्या पेटीत काय चालतं, ते तुमच्या बाबांनाही नक्की माहीत नाही.

त्या जंगलात एक साळू राहायची. साळू म्हणजे अंगभर काटेवाली साळिंदर. ती चांगली शिकलेली होती. त्यामुळे कशाकशाची काळजी करता येते, हे तिला नीट ठाऊक होतं. तिला एक मुलगा होता, टोचू. टोचू हुशार होता, पण एका जागी बसत नसे. जेवताना उठायचा, झोपेत फिरायचा, आणि जागा असताना प्रश्न विचारायचा.

पेटीतून अधूनमधून आवाज यायचा. "बालगीतं हवीत? फुकट आहेत. सोबत फक्त आमचा रातकिडा येईल."

"येऊ दे," साळू म्हणायची.

"पाढे शिकवू? सोबत एक कोळी येईल. कोपऱ्यात बसेल, त्रास देणार नाही."

"येऊ दे."

पाहुणा आत बसून काय करणार, हे तिने कधी विचारलं नाही. शेजारच्या सशिणीची पोरं आतापासून पाढे म्हणतात आणि आपला टोचू मागे पडला तर, एवढाच तिचा विचार. कुणीतरी सांगितलं, पेटीला राखण हवी. तिने सरडा ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं, सरड्याचा भरवसा नाही. तिने पालही ठेवली. सरड्याला काढायचं मात्र राहून गेलं.

हळूहळू पेटी मंदावली. कळ दाबून साळू आत जायची, कंद सोलायची, चिरायची, टोचूला भरवून यायची, तरी पडदा काळाच.

तेही चाललं असतं. पण नदीपलीकडच्या गजराज आंतरवनीय विद्यालयाने टोचूला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत पेटीवरूनच होणार होती. तिथे प्रवेश मिळाला नाही तर टोचूला वडाखालच्या शाळेत जावं लागणार. त्या शाळेत साळू स्वतः शिकली होती, आणि आपलं काय झालं ते ती रोज आरशात बघत होती.

आदल्या दिवशी तिने पेटीवरून सशिणीशी बोलून पाहिलं. पडद्यावर साळूचा चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच थिजला.

"ताई, जांभई देताय का?" सशिणीने विचारलं.

साळूचे काटे उभे राहिले. तिने खवलेभाऊला बोलावलं. हा खवले मांजर. जंगलातल्या पेट्या दुरुस्त करायचा.

"वहिनी, मशीन उत्तम आहे," झाकण उघडून तो म्हणाला. "पाहुणे फार झालेत. मुंग्यांना पाय ठेवायला जागा नाही. या, बघा."

साळूने डोकावलं. रातकिडा मधोमध पाय पसरून बसला होता.

"तू काय करतोस रे?" तिने विचारलं.

"मी विचारतो, ताई."

"काय?"

"नवीन रातकिडा आला आहे का, ते. आला असेल तर मी जातो आणि तो बसतो."

"आणि तो काय करतो?"

"तोही हेच विचारतो."

पलीकडे सरडा पालीची झडती घेत होता आणि पाल सरड्याची. दोघंही एकमेकांना चोर समजत होते. त्यांच्या झडतीत मुंग्यांची रांग अडकून पडली होती. कोपऱ्यातला कोळी साळूने पडद्यावर काय काय पाहिलं ते जाळ्यात गुंडाळून ठेवत होता.

"हे कुणासाठी?" साळूने विचारलं.

"तुमच्याचसाठी. काल तुम्ही मुलांच्या हट्टीपणाबद्दल वाचत होतात. आज मी तुम्हाला अति हट्टीपणाबद्दल दाखवणार आहे."

खवलेभाऊने जीभ ओठांवरून फिरवली. "काढू सगळ्यांना? एका घासाचं काम आहे."

"थांबा हो," साळू म्हणाली. "रातकिड्याला काढलं आणि गाणी बंद पडली तर?"

"टोचू गाणी ऐकतो का?"

"नाही. पण ऐकावीशी वाटली तर?"

"बरं. पाल जाऊ दे?"

"आणि सरड्याला एकट्याला जमलं नाही तर?"

"मग सरडा?"

"तो जुना आहे हो. बरं नाही दिसत."

खवलेभाऊने सुस्कारा सोडला. असली घरं त्याला नवीन नव्हती. असल्या घरांवरच त्याचं घर चालायचं. "मग असं करू. हा माझा पंखवाला चतुर ठेवतो. पेटी वेगवान करतो हा."

"कशी करतो?"

"आत बसून."

चतुर आत बसला. साळूला फार बरं वाटलं. काहीतरी केलं, असं तिला वाटलं. काही कमी करण्यापेक्षा काही आणून ठेवलं की तिला नेहमीच तसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत सुरू झाली. पडद्यावर हत्तीणबाई आल्या, त्या मुख्याध्यापिका. शेजारी एका पायावर बगळे सर. साळूने टोचूला पाटावर बसवलं, काटे विंचरले, कानात म्हणाली, "एवढा एक क्षण नीट बस रे राजा."

टोचू खरोखर एक क्षण नीट बसला.

त्याच क्षणी चतुराने पेटीत घोषणा केली, "अभिनंदन. आपला संगणक आता वेगवान झाला आहे." रातकिड्याने विचारलं, चतुर नवीन आला का? सरडा आणि पाल झडती सोडून चतुरावर धावले. मुंग्या जागच्या जागी थांबल्या. टोचूचं चित्र थिजलं आणि इकडचा आवाजही तिकडे जाईनासा झाला. फक्त तिकडचं तेवढं इकडे येत राहिलं.

खरा टोचू पाटावरून उठला, पेटीवर चढला आणि म्हणाला, "आई, त्या बाई नाकाने जेवतात का?"

"बाळ, तुला काय आवडतं?" हत्तीणबाईंनी विचारलं.

चित्रातला टोचू ताठ बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

"वा. विचार केल्याशिवाय बोलत नाही," बगळे सर म्हणाले.

"मोठा होऊन कोण होणार?"

चित्र बघत राहिलं. पेटीच्या कडेला खरा टोचू कळ कुरतडत होता.

"नजर बघा, सर. कुठे चुळबुळ नाही. मघाचा तो ससा आठवतोय ना?"

"पाढे येत होते त्याला."

"येत होते. पण त्याने मला उलट विचारलं, शाळा कशासाठी असते. असली मुलं आपल्याला झेपत नाहीत."

साळू उठली. चित्र अडकलंय, हे सांगायला हवं होतं. पेटी बंद करून पुन्हा लावली असती, तर खरा टोचू त्यांना दिसला असता. तिचा पंजा कळीपर्यंत गेला.

"साळूबाई," हत्तीणबाई म्हणाल्या, "याला संस्कार म्हणतात. तुम्ही फार मेहनत घेतलेली दिसते."

आजवर तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. पंजा तिथेच राहिला. मग तिने तो हळूच मागे घेतला.

"प्रवेश दिला," हत्तीणबाई म्हणाल्या. "शाळेत असाच राहील ना?"

साळूने मान डोलावली. ती त्यांना दिसली नाही, पण त्यांनी ती गृहीत धरली.

पलीकडची माणसं, म्हणजे प्राणी, निघून गेले. पडद्याच्या कोपऱ्यात तो ताठ, गप्प टोचू अजून बसलेला होता. खरा टोचू आईच्या मांडीवर येऊन त्याच्याकडे बघत राहिला.

"आई, हा कोण?"

"हा शाळेत जाणार आहे."

"आणि मी?"

साळूने बराच वेळ उत्तर दिलं नाही. बगळे सरांनी पाहिलं असतं, तर त्यांना ते फार आवडलं असतं.

तात्पर्य: संगणक मंद झाला तर घाईने साफ करू नये. मूल एका जागी बसत नसेल, तर निदान त्याचं चित्र तरी बसतं. चांगल्या शाळेला तेवढं पुरतं. उरलेल्या मुलाचं काय करायचं, ते आईने घरी बघावं.