सोपानभाऊंचा डबा

कामशेतात सोपानभाऊंच्या गिरणीत भात भरडायचा असेल, तर दुपारी एकच्या आत जावं. एकला भाऊ डबा उघडतात, तो खायला नव्हे, शिकवायला.

झाकणावर इंद्रायणीचा भात काढायचा आणि पोत्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "ह्ये काय हाय?" शीत म्हणणारा नापास. "प्रोटीन! सुटं हाय तवर गरीब. आता बघा." चार शितं चिमटीत दाबून गोळी करायची. "ह्यो झाला अमायलॉइड. मेंदूतल्या पेशीला असा चिकटला, की पेशी गेलीच समजा." मग नखानं गोळी तोडायची. "आन ह्ये आमचं एन्झाईम!"

'आमचं' म्हणजे त्यांच्या वैशालीचं. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत यावर संशोधन करते. भाऊ स्वतः सातवी नापास. पण वडिवळ्याच्या एका म्हातारबांनी "मग औषध कवा मिळनार?" विचारलं, तेव्हा म्हणाले, "आजून प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवरच हाय, आबा. खोटं न्हाई सांगायचं." मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, इतका प्रामाणिक विद्यार्थी मला लाभला नाही.

रोज सकाळी लेकीला फोन. पहिला प्रश्न, "पेशी कशा हायेत?" जेवलीस का, हा दुसरा.

कारण सगळ्या आळीला ठाऊक आहे. भाऊंच्या पत्नी, हिरावहिनी, तीन वर्षांपासून विसरत चालल्यात. आता लेकही आठवत नाही. या कामाचा आईला उपयोग व्हायचा नाही, हे वैशालीनं वडिलांना रडत रडत सांगितलंय.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला : एन्झाईम घातलेल्या बशीत पेशी जास्त जगल्या! भाऊंनी भरल्या गिऱ्हाइकात गिरणी बंद केली आणि पेढे आणले. मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते वहिनींसमोर बसले होते.

"आपल्या वैशीनं पेशी वाचवल्या, हिरा."

"आपल्याला लेक हाय?"

"हाय की! लय हुशार."

वहिनींचा चेहरा उजळला. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या मला म्हणाल्या, "पाव्हणं, आयकलं का? आमची लेक!" इतका अभिमान मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेला नाही.

पाच मिनिटांत सगळं पुसलं गेलं. भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगू लागले, तसं मला राहवलं नाही.

"भाऊ, किती वेळा सांगाल?"

"मास्तर, मला एकदाच आनंद झाला. तिला दर बारीला नवा हुतो. कसा सोडू?"

वहिनी हातातल्या पेढ्याकडे बघत होत्या. "कशाचा वो ह्यो?"

भाऊ खुर्ची पुढं ओढून बसले. "आगं, आपली वैशी..."