आनंदाबाईंचं पोटॅशियम

सांगायला संकोच वाटतो, पण सांगूनच टाकतो. आमच्या पिपरी मेघेत रक्ताचा रिपोर्ट माझ्याइतका नीट वाचणारा माणूस दुसरा नाही! म्हणजे, डॉक्टर सोडून. आणि लॅबवाले सोडून. आणि शेजारची अंकिता नर्स आहे, तिलाही सोडायला हवं. पण उरलेल्यांत मीच! निदान त्या शनिवारपर्यंत माझा तसा समज होता.

माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. निवृत्त झाल्यावर रक्ततपासणीवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि मी त्यात बुडालो. मग कॉलनीतली मंडळी फिरायला निघाली की खिशात रिपोर्ट घेऊन येऊ लागली. "काका, हे क्रिएटिनिन काय असते जी?" मी चष्मा पुसून सांगायचो, "किडनीने जो कचरा बाहेर टाकायचा, तो रक्तात किती उरला त्याचं ते माप." कोणी विचारायचं, "अन् हे एचबीएवनसी?" "ती मागच्या तीन महिन्यांची साखर. आदल्या दिवशी जिलेबी टाळून तिला फसवता येत नाही!" लोक माना डोलवायचे. मी घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडायचो आणि आपण बरोबर सांगितलं ना, ते तपासायचो.

अशात मे महिन्यात माझ्या बायकोच्या, आमच्या आनंदाबाईंच्या, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. डॉक्टरांनी लिहून दिलं: किडनी, लिव्हर आणि रक्तातले क्षार तपासा. आनंदाबाई म्हणाली, "मी त्या लॅबमंधी येत नाई. एवढ्या उन्हात रक्त द्यायले जाऊ, तं आटूनच जाईन नं थे!"

मग अंकिताने घरी येऊन रक्त काढलं. नळी माझ्या हातात देत ती म्हणाली, "काका, हे लवकर नेऊन द्या. मी आंजीले माहेरी जाऊन राह्यली, नाई तं मीच नेलं असतं."

"तू निर्धास्त जा," मी म्हणालो. "ही जबाबदारी माझी!"

आता तुम्हीच विचार करा. सकाळचे नऊ वाजलेले आणि बाहेर ऊन असं, की तुळशीपुढे ठेवलेली मेणबत्ती न पेटवताच वाकून नमस्कार करत होती. अशा उन्हात आमच्याकडे दूध तासाभरात नासतं. मग रक्ताचं काय होणार? पुस्तकात एके ठिकाणी नमुना थंड ठेवण्याबद्दल काहीतरी वाचल्यासारखं आठवत होतं. कोणता नमुना, ते मात्र आठवत नव्हतं. पण बायकोच्या रक्ताच्या बाबतीत हयगय नको! मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून ठेचलेला बर्फ घेतला, थर्मासमध्ये भरला आणि नळी त्यात खुपसली. वरून आणखी बर्फ दाबला. लग्नात मुलीच्या पाठवणीलाही मी इतका हळवा झालो नव्हतो.

ऑटोत बसलो. निम्म्या वाटेवर शंका आली: डॉक्टरांची चिठ्ठी घेतली का? उतरलो, घरी आलो. चिठ्ठी टेबलावर नव्हती. ती माझ्या खिशात होती! पुन्हा निघालो. रस्ता खोदलेला. प्रत्येक खड्ड्याला थर्मासमध्ये खुळखुळ वाजे आणि मला बरं वाटे: म्हणजे बर्फ शिल्लक आहे! तरी खात्रीसाठी मी अधूनमधून थर्मास कानाशी धरून हलवून बघत होतो. बाजूची बाई सरकून बसली.

लॅबशी पोचल्यावर मला एकदम लाज वाटली. एवढा बर्फ बघून लोक काय म्हणतील? म्हातारा किती घाबरट! मी जिन्याखाली उभं राहून नळी बाहेर काढली, रुमालाने कोरडी केली, थोडा वेळ मुठीत धरली आणि सहज आणल्यासारखी खिडकीतून आत दिली.

संध्याकाळी रिपोर्ट हातात आला आणि मी चष्मा दोनदा पुसला. पोटॅशियम: सात पॉइंट चार! शेजारी ठळक तारा. साडेतीन ते पाचच्या थोडं वर, एवढंच असायला हवं. साडेसहाच्या वर गेलं की हृदय केव्हाही ठेका चुकवू शकतं, हे मला तोंडपाठ! आणि तळाशी बारीक अक्षरांत एक शेरा: "हिमोलाइज्ड." मी पुस्तक उघडलं. अर्थ होता: तांबड्या पेशी फुटणे!

आमच्या आनंदाबाईच्या पेशी फुटत होत्या! आणि ती स्वयंपाकघरात चिवड्याला फोडणी देत होती!

"काय आलं जी रिपोर्टमंधी?" तिने आतून विचारलं.

"काही नाही. उत्तम आहे," मी म्हणालो. माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आला.

डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा करावा, तर शनिवारची संध्याकाळ, ते जेवत असतील, त्यांना राग येईल. दवाखाना आता सोमवारी. तोवर काय? तोवर मीच! रात्रभर मी तिच्या घोरण्याचा ठेका मोजत राहिलो. तो चुकला की मला घाम फुटे. ती फक्त कूस बदलत असे.

रविवारी ती उठायच्या आत मी मोहीम सुरू केली. पोटॅशियम कशाकशात असतं ते मला पाठच होतं. केळी गेली. बटाटे गेले. टमाटे, पालक, तुरीची डाळ, सगळं पिशवीत भरून मी शेजारच्या गाईपुढे नेऊन टाकलं. गाईने माझ्याकडे असं बघितलं, की जणू आपला आज वाढदिवस आहे!

परत येतो तो आनंदाबाई रिकाम्या डब्यापुढे उभी. "अवो! दाळ कुठं गेली?"

"डाळीचा मला कंटाळा आलाय."

"तुमाले? वरणाबिगर घास नाई उतरत तुमाले!"

"आता उतरेल. तू बस. भांडी मी घासतो."

ती अंगणाकडच्या दारातल्या खुर्चीवर बसली नाही, कोसळली. मी घाबरून धावलो आणि तिचं मनगट धरलं. नाडी बघायची होती. पण पुस्तकात पाहिलेली नाडी आणि बांगड्यांखालची नाडी यांत फार फरक असतो. ती काही केल्या सापडेना. मी तिथेच दारात तिचा हात हातात घेऊन, डोळे मिटून, श्वास रोखून उभा! गेल्या चाळीस वर्षांत मी चारचौघांत तिचा हात धरलेला नाही. समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या सरिताबाईंच्या हातून पापड निसटला.

"सोडा नं जी! लोक पाहून राह्यले!"

"तुझ्या हातापायांना मुंग्या येतात का?"

"आता तुमाले पाहून येऊन राह्यल्या!"

"अशक्तपणा? छातीत धडधड?"

"पुस्तकासारखं काऊन बोलून राह्यले तुमी?" तिचे डोळे भरून आले होते. "खरं सांगा मले. काय झालं?"

"काहीच नाही. तू फक्त काही उचलू नकोस. माठसुद्धा नाही. पेलासुद्धा मी उचलतो."

तिने पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन फोन लावला. मला वाटलं, मुलीशी बोलत असेल. तिच्या मनात काय चाललंय हे मला कळायला हवं होतं. पण मी भांड्यांवर राख जास्त झाली की कमी, याच विचारात होतो.

दुपारी दारात धूळ उडवत गाडी थांबली. अल्लीपूरहून आनंदाबाईचे भाऊ, माझे मेहुणे बंडूजी, आले आणि थेट घरात शिरले. बंडूजी म्हणजे सहा फुटी माणूस, पण डोळे लालभडक. एका हातात शहाळ्यांची जोडी, दुसऱ्या हातात केळ्यांची भली मोठी फणी!

केळी! आणि शहाळी! पोटॅशियमचा अख्खा डोंगर! मी उडी मारून फणी हिसकावली. "बाहेर! बाहेर न्या हे! हे विष आहे!"

बंडूजी दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी मला घट्ट मिठी मारली. शहाळं पाठीत लागलं.

"भाऊजी," ते हुंदका दाबत म्हणाले, "घाबरू नका. आमी हाओत. किती वाढलं हाये?"

मला गहिवरून आलं. कोणीतरी विचारलं! "सात पॉइंट चार," मी कुजबुजलो.

"बाप रे! अन् डॉक्टर काय म्हन्ते?"

"डॉक्टरांना अजून सांगितलंच नाही."

"काऊन?"

"त्यांना राग येईल म्हणून."

"अवो, जिवापेक्षा राग मोठा हाये का? अन् आमच्या बाईले माहीत हाये?"

"हळू बोला! तिला सांगू नका. धक्का बसेल. तिचं हृदय..."

"तिनंच तं फोन केला मले! 'बंडू, आजच ये, तुझे भाऊजी जाऊन राह्यले' म्हने!"

"कुठे?"

बंडूजींनी वर बघितलं. मीही वर बघितलं. वर पंखा होता. मग मला समजलं.

"मी? मी कशाला जाऊ? जाते आहे ती!"

मागे ताट पडल्याचा आवाज झाला. आनंदाबाई दारात उभी होती.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठं जाऊन राह्यली?"

मी खिशातून रिपोर्ट काढला. तिला वाचून दाखवता येईना. कागद तसाच तिच्यापुढे धरला. तिने आधी कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "म्हंजे तुमाले काही नाई झालं?"

"नाही."

"देवा, तुझे उपकार!" म्हणून ती जी रडू लागली, ती थांबेचना. स्वतःच्या सात पॉइंट चारचं तिला काहीच वाटलं नाही! मीही रडू लागलो. बंडूजींना नेमकं कोणासाठी रडायचं ते कळेना, पण ते दोघांच्या वतीने मोठ्याने रडले आणि आम्हाला गाडीत कोंबून थेट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहूनही लहान. त्यांनी आधी ईसीजी काढला. कागदावरच्या रेघा एकसारख्या निघाल्या, शाळेत पाटीवर गिरवल्यासारख्या. मग त्यांनी नव्याने रक्त घेतलं आणि लगेच तपासायला पाठवलं. त्या वेळात मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. काय मागावं हे मला सुचत नव्हतं. नुसता "पाचच्या आत, पाचच्या आत" असं पुटपुटत होतो. बाजूच्या बाकावरच्या आजीला वाटलं, कसला तरी जप आहे. तीही म्हणू लागली.

निकाल आला. चार पॉइंट दोन!

"आजोबा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीचं रक्त लॅबमध्ये कोणी नेलं?"

मी हात वर केला.

"कसं नेलं?"

मी सांगितलं. बर्फ सांगितला. खड्डे सांगितले. थर्मास हलवून पाहिला, तेही सांगितलं. रुमालाचं सांगताना आवाज अगदी खाली गेला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पोटॅशियम तांबड्या पेशींच्या आत भरपूर असतं, बाहेरच्या पाण्यात थोडंसं. आपण मोजतो ते बाहेरचं. तुम्ही पेशी गोठवल्या, वर घुसळल्या. त्या फुटल्या आणि आतलं सगळं बाहेर आलं. हा शेरा नळीतल्या रक्ताबद्दल होता. आजींच्या अंगातल्या रक्ताबद्दल नव्हता."

"म्हणजे... सगळ्या पेशी मी फोडल्या?"

"हो. पण दुसरी गोष्ट ऐका." त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "हा आकडा खरा असता, तर? तुम्ही रात्रभर त्यांना घरी ठेवलं. डॉक्टरांना राग येईल म्हणून! असा आकडा दिसला की निदान करत बसायचं नाही, निघायचं. कळलं?"

खरा असता, तर! मी खाली बसलो. आनंदाबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "जाऊ द्या नं पोरी. त्यायचा जीव मऊ हाये. मेंदू तेवढा जाड पुस्तकात अडकते." पोटऱ्यांतले गोळे पाणी कमी पिण्याचे निघाले. बंडूजींनी तिला तिथेच शहाळं पाजलं आणि दोन दिवस आमच्याकडेच मुक्काम ठोकला.

सोमवारी दुपारी घरात कूलर सुरू होता, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. आतल्या खोलीत काळोख. मला मात्र चैन पडेना. शनिवारपासून एक गोष्ट सांगायची होती. आजवर कधी सांगितली नव्हती. मी नवा रिपोर्ट हातात घेतला आणि तिच्या खाटेशी स्टूलवर बसलो. खाटेवर डोक्यावरून पांघरूण ओढलेलं होतं.

"सोडियम एकशे चाळीस," मी सुरुवात केली. नुसतं तसं कसं सांगणार? "क्लोराइड एकशे दोन. क्रिएटिनिन पॉइंट आठ. कॅल्शियम..." कागद बाजूला ठेवला. "हे बघ, मला नीट बोलता येत नाही. त्या रात्री मला वाटलं, तू गेलीस तर मी कोणाकडे बघून जगायचं? मला फार भीती वाटली गं. तू आहेस, म्हणून मी आहे."

पांघरूण हललं. त्यातून दोन लालभडक डोळे बाहेर आले.

"भाऊजी," बंडूजी म्हणाले, "बाई वाळवण काढायले गच्चीवर गेली जी. आली का मी सांगून देतो तिले. तुमी निजा."

त्यांनी निरोप पोचवला की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. विचारावं म्हणतो. पण त्यांना विचारावं की तिला, हेच ठरत नाही!