पेंगूची हजेरी

आजारपणाचा खोटा दाखला मिळवायला पेंगूला बरीच यातायात करावी लागली होती. ओळखीच्या डॉक्टरांसमोर दोनदा खोकून दाखवावं लागलं, तिसऱ्यांदा खराच ठसका लागला, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. तो दाखला छातीशी धरून ती विद्यापीठाच्या कचेरीत आली आणि खिडकीतून आत सरकवला.

कारकूनबाईंनी दाखला वाचला, संगणकात पाहिलं आणि कागद जसाच्या तसा परत केला.

"हा कशाला?"

"कलेच्या इतिहासाला माझी हजेरी कमी भरतेय ना, म्हणून."

"कमी? पहिला सोडला, तर तुमचा एकही तास चुकलेला नाही. लोक इथे येऊन रडतात, तुम्ही उगाच कागद वाढवताय."

पेंगू तशीच मागे फिरली. जिन्यापर्यंत ती आनंदात होती. जिन्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं, की या सहामाहीत आपण त्या वर्गाचं दारसुद्धा पाहिलेलं नाही.

तिला पेंगू हे नाव वर्गानेच दिलं होतं. पहिल्या वर्षी ती बाकावर पेंगायची. दुसऱ्या वर्षी बाकापर्यंत जाण्याचेही कष्ट नकोत म्हणून ती दुपारची वसतिगृहात, मैत्रिणीच्या खोलीवर झोपायला लागली. या मैत्रिणीला सगळे चष्मिष म्हणत. पेंगूने तिला जाऊन मिठीच मारली.

"तू माझी हजेरी लावत होतीस? सांगायचंस तरी!"

चष्मिषने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी? अगं, तू पलंगावर असतेस तेव्हा मी खाली सतरंजीवर असते. तूच मला तुडवत जातेस की. परीक्षेला अपात्र ठरलेल्या मुलांत पहिलं नाव माझं आहे."

"मग कोण लावतंय?"

चष्मिषने उठून खोलीचं दार लावलं.

"त्या इमारतीत पूर्वी हॉस्पिटल होतं, माहितेय ना? आणि आपला वर्ग तळघरात आहे. तळघरात हॉस्पिटलचं काय असतं?"

"काय?"

"औषधांचा साठा तर नक्कीच नसतो," चष्मिष म्हणाली.

पेंगूने ते हसण्यावारी नेलं आणि त्या दुपारीही झोपली. पण झोप काही धड लागली नाही. दुसऱ्या दिवशी आवारात कलेच्या इतिहासाचे सर समोरून आले. सरांची नजर इतकी अधू होती, की ते विद्यार्थ्यांना नंबराने आणि आवाजाने ओळखत. पेंगूने "नमस्कार सर" म्हणताच ते थबकले.

"बावीस नंबर! काल थडग्यांवरच्या शिल्पांबद्दल काय सुंदर बोललात हो. मेलेल्या माणसाला कोणीतरी आपली वाट पाहतंय असं वाटावं, म्हणून ती घडवली, हे तुमचं वाक्य मी रात्रभर घोळवत होतो."

पेंगूने मागे वळून पाहिलं. "मी... बोलले?"

"विनय चांगला आहे, पण इतका नको," असं म्हणून सर काठी टेकत धुक्यात दिसेनासे झाले.

आता मात्र तिची झोप पार उडाली. तिने वर्गातल्या एका मुलाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "तूच असतेस ना? शेवटच्या बाकावर, डोक्यावरून शाल घेऊन? स्लाइड दाखवायच्या म्हणून दिवे बंदच असतात, कोण बघतंय नीट! आणि दिवे लागायच्या आत निघून जातेस. आम्हाला वाटलं, तुला कोणाशी बोलायचं नाही." जाता जाता तो वळला. "पण तुझा हात इतका गार कसा असतो गं? परवा पेन देताना लागला."

घरी आईने वरणभात वाढता वाढता विचारलं, "आज काय शिकवलं?" पेंगूने कुठलंतरी थडगं सांगितलं. आपली जागा कोणीतरी घेतलीय. आज बाक घेतला, उद्या पदवी घेईल, परवा हे ताट घेईल, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती चष्मिषला ओढत तळघरात घेऊन गेली. जिना उतरताना उजेड पायरीपायरीने कमी होत गेला. खालच्या बोळात ओलीचा वास होता. भिंतीत एका रांगेत, माणूस आडवा सरकवता येईल एवढी चौकोनी लोखंडी दारं होती. ती कशाची, हे दोघींपैकी कोणीच विचारलं नाही. वर्गाचं दार किंचित उघडं होतं. आत सरांची हजेरी चालू होती.

"वीस." कोणी बोललं नाही.

"एकवीस." "हजर."

"बावीस."

आणि अंधारातून पेंगूचा आवाज आला. तिचा स्वतःचा. तसाच किंचित नाकातला, शेवटी जरासा वर चढणारा.

"हजर, सर."

चष्मिषने पेंगूकडे पाहिलं. पेंगूचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. पुढच्या क्षणी जिन्यावर फक्त चष्मिषच्या चपला होत्या. चष्मिष वर पोचली होती.

पेंगूही पळायला वळली. मग तिला एकाएकी राग आला. तास नको होता, हे खरं. पण नंबर तिचा होता! ती भिंत चाचपडत आत शिरली आणि मागच्या बाकाशी पोचली. शालीतली आकृती समोरच्या पडद्यावरच्या दगडी चेहऱ्याकडे एकटक बघत होती. पेंगू तिच्या शेजारी बसली.

"कोण आहेस तू?" तिने कसंबसं विचारलं.

आकृती तिच्याकडे वळलीही नाही. "हळू बोल. आणि आता आलीच आहेस, तर कोपर काढ माझ्या वहीवरून."

"आई!!"

पेंगूची किंकाळी तळघरभर घुमली, पुढच्या बाकावरची मुलगी खाली पडली आणि कोणीतरी दिवे लावले.

विभागप्रमुखबाईंच्या खोलीत आईने सगळं सरळ सांगून टाकलं. मुलगी गैरहजर राहिली, की पालकांच्या फोनवर निरोप येतो, हे विद्यापीठाचंच धोरण. पहिला निरोप आला तेव्हा आई दंतवैद्याकडची सकाळची नोकरी आटोपून, पेंगूला फरफटत नेऊन बसवायला थेट वर्गात आली होती. "सरांनी बावीस म्हटलं आणि वर्ग गप्प. मला ते सहन होईना. हजर म्हणून गेले. फोनवर तर आमचा आवाज हिच्या बाबांनाही वेगळा ओळखू येत नाही. मग स्लाइड लागल्या आणि..." आई थांबली. "आणि हात गार असतात, कारण तळघरात गोठायला होतं. हीटर लावा तिथे."

"पण मला का नाही रागावलीस?" पेंगूने विचारलं.

"रागावले असते, तर तू वर्गात आली असतीस. मग मी कुठे बसले असते?"

विभागप्रमुखबाईंनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या विद्यार्थ्याला काढून टाकावं, असा नियम होता. पण आई विद्यार्थी नव्हती. हजेरी लावायला सांगणाऱ्यालाही शिक्षा होती. पण पेंगूने कोणाला सांगितलंच नव्हतं. सर मधेच म्हणाले, "थडग्यांवर बोलणाऱ्या त्या बाईंना कोणीही काढू नका. वाटल्यास मला काढा."

"शिक्षण कुठपर्यंत झालंय?" बाईंनी आईला विचारलं.

"इथेच पहिलं वर्ष पास झाले होते. दुसऱ्या वर्षी ही पोटात होती."

खंडित शिक्षण पुढे चालू करता येतं, असाही एक नियम निघाला. आईचं जुनं वर्ष धरलं गेलं, बसलेले तास तिच्या नावावर चढले आणि ती रीतसर दुसऱ्या वर्षात आली. तास मूळच्या मालकिणीकडे गेल्यावर पेंगूच्या खात्यात काहीच उरलं नाही. तिला परीक्षेला बसता आलं नाही. निकाल लागला, आई तिसऱ्या वर्षाला गेली आणि पेंगू दुसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून करायला लागली.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी पेंगू घराची किल्ली विसरली. उपाहारगृहाच्या बाहेर आई तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या घोळक्यात चहा पीत, हातवारे करत बोलत होती.

"आई, किल्ली दे ना!"

मुली वळल्या. त्यांतली सगळ्यांत उंच मुलगी म्हणाली, "ए, दुसऱ्या वर्षाची ना तू? इथे सीनियरला ताई म्हणतात."

पेंगूने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं. आईने शांतपणे चहाचा घोट घेतला.

"...ताई," पेंगू म्हणाली, "किल्ली."

"घे," आई म्हणाली. "आणि कुकर लाव. मला प्रकल्पाच्या गटाबरोबर थांबायचंय."