गोरी म्हैस आणि चालू पडलेली घंटा

एका जंगलात एक म्हैस होती आणि मुलांनो, ती गोरी होती. म्हैस गोरी कशी, असे विचारू नका. गोष्टीतली म्हैस बोलते ते तुम्हाला चालते ना?

तिचे नाव धवलाबाई. बाकीच्या म्हशी दुपारी चिखलात लोळत. धवलाबाई मात्र भर उन्हात तळ्याकाठी उभी राहून आपले रूप पाण्यात बघे.

"अगं, ये की चिखलात," तिची काजळमावशी म्हणे. "पाठ करपून जाईल."

"तुझं बरं आहे मावशी. तुझा रंग काही मळायचा नाही."

धवलाबाईच्या पाठीवर एक बगळा बसे. जंगलात तो सौंदर्याचा जाणकार समजला जाई. तो स्वतः पांढरा होता, एवढी पात्रता पुरे होती. "चिखल हे अडाण्यांचं काम," तो म्हणे.

आता आपण जरा तिच्या कातडीच्या आत डोकावू.

आत पेशींची वस्ती होती. प्रत्येकीच्या दारावर एक घंटा. कुठे ओरखडा पडला की निरोप्या येई आणि घंटा वाजवी. तिचा अर्थ एवढाच, की जागा रिकामी झाली आहे, एकीच्या दोघी व्हा. जागा भरली की निरोप्या जाई, घंटा थांबे, पेशी झोपी जाई. व्यवस्था चोख होती, म्हणून तिचे कोणी कौतुक करत नसे.

एका दुपारी उन्हाने चंद्राक्का नावाच्या पेशीची घंटा बिघडली. बंद पडली असती तर बरे. ती चालू पडली.

चंद्राक्का उठली आणि एकीच्या दोघी झाली. लेकीच्या दारावरही तीच बिघडलेली घंटा. ती वारशाने आली.

शेजारच्या हौसाकाकूने भिंतीवर थाप मारली. "चंद्रे, कुठं ओरखडा पडलाय का?"

"नाही."

"निरोप्या आला होता?"

"नाही बाई."

"मग कशाला गं वाढतेस?"

"घंटा वाजतेय ना! आज्ञा मोडू?"

"दार उघडून बघ तरी, कोण वाजवतंय."

"वेळ कुठाय काकू? वाढायचंय!"

गस्तीवरचा पांढरा शिपाई आला. परका दिसला की हाकलायचे, हे त्याचे काम.

"या भाऊजी," चंद्राक्का म्हणाली. "मी इथलीच. ओळखलंत ना?"

चेहरा ओळखीचा होता. शिपाई पुढे गेला आणि वस्तीभर सांगत सुटला, "बाई कसली कष्टाळू आहे!"

बाहेर धवलाबाईच्या पाठीवर चकचकीत फुगवटा आला.

"गाठ आहे ही," काजळमावशी म्हणाली. "साळिंदरवैद्याला दाखव. लहान आहे तोवर उकरून काढेल."

"गाठ?" बगळा हसला. "मावशी, हा मोती आहे. गोऱ्या कातडीलाच असा मोती धरतो. साळिंदराने उकरला तर डाग राहील."

"डाग!" धवलाबाई दचकली. मरणाला ती इतकी दचकली नसती.

मोती वाढला. आत चंद्राक्काच्या लेकींनी हौसाकाकूची भिंत पाडली, मग हौसाकाकूला पाडले. उरलेल्या लेकी रक्ताच्या पाटातून वाहत फुप्फुसात जाऊन राहिल्या. घंटा तिथेही वाजतच होती.

धवलाबाईला धाप लागू लागली. शेवटी मावशीने तिला ढकलत वैद्याकडे नेले.

साळिंदराने पाठ पाहिली, छातीला कान लावला आणि काटे मिटले. "धवलाबाई, आता सगळं उकरायला गेलो तर म्हैसच उरायची नाही."

"पण डाग राहील का हो?" धवलाबाईने विचारले.

वैद्याने मावशीकडे पाहिले. मावशीने मान फिरवली.

थोड्याच दिवसांनी धवलाबाई तळ्याकाठी आडवी झाली, ती उठली नाही. आत तेव्हा मोठा उत्सव चालला होता. एवढी भरभराट वस्तीने कधी पाहिली नव्हती.

आणि अचानक घंटा थांबली.

"अगं बाई, कोण होतं?" म्हणत चंद्राक्काने पहिल्यांदाच दार उघडले. बाहेर कोणी नव्हते. कधीच नव्हते.

बगळा उडाला आणि काजळमावशीच्या पाठीवर जाऊन बसला. "काळा रंग कसा भारदस्त!" तो म्हणाला. मावशीने चिखलात कूस बदलली.

तात्पर्य: घंटा वाजली की उठून कामाला लागावे, कोण वाजवते ते विचारू नये. आणि चिखलात लोळणाऱ्यांचे कधीही ऐकू नये. ती मंडळी उगाच फार वर्षे जगतात.