पाच-नऊ, आवाज स्वच्छ

दूरच्या माणसाशी बोलावंसं वाटणं ही मानवी संस्कृतीची सुरुवात होय. जवळच्या माणसाशी बोलावं लागू नये म्हणून त्यासाठी यंत्र विकत घेणं ही तिची प्रगती होय. आमचं हौशी रेडिओ मंडळ या प्रगतीच्या आघाडीवर आहे आणि मी त्याचा सचिव आहे, हे नमूद करताना मला रास्त अभिमान वाटतो.

मंडळाची खोली बुटांच्या एका दुकानाच्या वर आहे. खोलीत खुर्च्या भरपूर, टेबल एक, आणि गच्चीत अँटेनाचा खांबही एकच. त्यामुळे मंडळाने स्वतःचा संच घ्यायचं ठरवलं तेव्हा तो एकच घेता येणार हे उघड झालं, आणि तोवर गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या सभासदांत दोन तट पडले. एक तट निर्यात संचाचा, दुसरा परवाना संचाचा.

निर्यात संच म्हणजे सीबी रेडिओचा, म्हणजे ट्रकवाले परीक्षेविना वापरतात त्या रेडिओचा, दणकट चुलतभाऊ. तो गाडीत बसतो, बारा व्होल्टवर चालतो आणि रंगीत दिवे लावून आपण चालू असल्याचं साऱ्या रस्त्याला कळवतो. तो फक्त निर्यातीसाठी बनवलेला असतो. (कुठल्या देशात निर्यातीसाठी, याचा मंडळाने कसून शोध घेतला. प्रत्येक देशातला दुकानदार तो दुसऱ्या देशासाठी आहे असंच सांगतो.) खोक्यावर लिहिल्याप्रमाणे तो केवळ परवानाधारकांसाठी राखलेल्या दहा मीटर लहरींच्या पट्ट्यात चालतो. आतली एक बारीक वायर कापली की तो सीबीच्या पट्ट्यातही चालू लागतो, पण ती कापणं बेकायदा आहे. ग्राहकाच्या हातून चुकून कायदा मोडू नये म्हणून कुठली वायर कापू नये हे खोक्यातल्या कागदावर मोठ्या चित्रासह आणि बाण काढून दाखवलेलं असतं. कायद्याची इतकी काळजी घेणारं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

परवाना संच, म्हणजे लघुलहरींवर बोलणारा-ऐकणारा हौशींचा एचएफ ट्रान्सीव्हर, हे घरंदाज काम आहे. तो जवळजवळ सगळे पट्टे पकडतो. अवकाशातली परिस्थिती अनुकूल असेल तर पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाशी बोलतो. नसेल तर ती का नाही हे पडद्यावर आलेख काढून दाखवतो. त्याला बटणं आहेत, बटणांच्या आत याद्या आहेत, आणि याद्यांच्या आत आणखी याद्या आहेत. (आमचे एक सभासद तीन वर्षांपूर्वी घड्याळाची वेळ लावायला आत शिरले होते. अजून बाहेर आलेले नाहीत.) तो वापरायला परीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झालेल्याला सरकार अक्षरं-आकड्यांचं स्वतंत्र संकेतनाम देतं. पुढे आयुष्यभर तो आपल्या नावाऐवजी तेच सांगतो.

दोन्ही संचांचा उपयोग मात्र एकच. मंडळाच्या पाहणीनुसार हवेतल्या संभाषणांपैकी चाळीस टक्के ‘आपला संच कुठला’ यावर, तीस टक्के ‘आपला अँटेना कुठला’ यावर, वीस टक्के हवामानावर आणि नऊ टक्के ‘पुन्हा सांगा’ यावर खर्च होतात. उरलेला एक टक्का खाजगी स्वरूपाचा असून संबंधितांना समज देण्यात आली आहे.

संभाषणाचा आत्मा म्हणजे अहवाल. समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतो याला पाचपैकी गुण द्यायचे, किती जोरात येतो याला नऊपैकी. सभ्य माणूस नेहमी ‘पाच-नऊ’ म्हणतो. ‘आपण पाच-नऊ आहात, कृपया नाव पुन्हा सांगा, एक अक्षर कळलं नाही,’ हे वाक्य आमच्याकडे सौजन्याचा नमुना म्हणून नवशिक्यांकडून पाठ करून घेतलं जातं. एका सभासदाने एकदा खरं ऐकू आलं तेवढंच सांगून ‘तीन-चार’ दिले होते. ते हल्ली टपाल तिकिटं जमवतात.

तर दोहोंतला कुठला संच घ्यावा यासाठी मंडळाने तुलना समिती नेमली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून त्याला प्रश्न विचारण्यात त्यांची हयात गेली असल्याने ते उत्तरासाठी अडून बसत नाहीत, आणि समितीच्या अध्यक्षाला हा गुण फार लागतो. सचिव अर्थातच मी.

चाचणीसाठी दोन टोकं हवी होती. तीही तयार होती. आमच्या मंडळात दोन सख्खे भाऊ आहेत. थोरल्यांचं चष्म्यांचं दुकान, ते परवानाधारक. धाकटे लोकांना गाडी चालवायला शिकवतात, ते निर्यातवाले. (धाकट्यांकडे परवाना नव्हता. हा मुद्दा समितीच्या लक्षात आला आणि समितीने तो लक्षातून काढून टाकला.) वडिलांच्या घरात मधोमध भिंत घालून एकीकडे थोरले, दुसरीकडे धाकटे राहत. दोघं गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडणाचं कारण शुद्ध तांत्रिक होतं. थोरल्यांच्या अँटेनाची लांब तार गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई आणि तिचं दुसरं टोक धाकट्यांच्या कठड्याला बांधलेलं होतं. घराची वाटणी झाली तेव्हा विटा वाटल्या, नळ वाटला, जिना वाटला. हवा वाटायची राहून गेली. ‘माझ्या हवेतून तुमची तार का?’ असं धाकटे म्हणाले. ‘हवा काय तुझ्या बापाची?’ असं थोरले रागात म्हणून गेले, आणि बाप एकच असल्याचं ध्यानात येऊन दोघंही जास्तच चिडले. तेव्हापासून अबोला. तार मात्र होती तिथेच राहिली, कारण ती सोडायला दोघांना एकाच वेळी गच्चीत यावं लागलं असतं.

अशी भक्कम टोकं शोधून सापडत नाहीत. दोघं एकमेकांशी तोंडाने बोलत नसल्यामुळे चाचणीत भेसळ व्हायची भीती नव्हती. हवेत मात्र ते बोलत, कारण ते मंडळाचं काम होतं. नियमाप्रमाणे दोघं एकमेकांना ‘आपण’ म्हणत. एरवी थोरल्यांनी धाकट्याला ‘गाढवा’पेक्षा मोठी पदवी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एका भिंतीच्या अंतरावर सिग्नल इतका जबरदस्त येई की दोन्ही संचांच्या मापकांवरचे काटे शेवटच्या टोकाला जाऊन आपटत. मी थोरल्यांच्या खोलीत बसे, अध्यक्ष धाकट्यांच्या. धाकट्यांचा आवाज संचातून येई तसाच भिंतीतूनही येई. तेव्हा भिंतीतून येणारा आवाज कुठल्याच संचाचा नसल्याने तो ऐकू आला तरी ऐकू नये, असा ठराव आम्ही एकमताने केला.

चाचणीचं मंजूर वाक्य होतं, ‘आज हवा कोरडी आहे, आपण मला कसे ऐकता?’ उत्तर, ‘पाच-नऊ.’ हे आम्ही सगळा उन्हाळा केलं. दोन्ही संच तंतोतंत सारखे निघत होते, आणि समितीला मुदतवाढ मिळत होती.

शेवटच्या चाचणीच्या सकाळी मी थोरल्यांकडे पोचलो तर खोलीत खोकी भरून ठेवलेली. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“भाऊजी, आम्ही हा भाग विकलाय. लेकीकडे चाललोय, कायमचे. आता काही परत यायचं नाही.”

“अरे वा! धाकट्यांना माहीत आहे?”

“तेच तर! ह्यांना भावाला सांगायचंय, आणि जाण्याआधी त्याला एकदा भेटायचंय. दार वाजवायला पाय उचलत नाहीत. आज म्हणे तुमच्या त्या डबड्यावर सांगणार आहेत. तेवढं मध्ये तोंड घालू नका, हात जोडते.”

मी त्यांना समजावून सांगितलं, की मंजूर वाक्यात बदल करायचा तर आधी सभा घ्यावी लागते.

“घ्या मग,” त्या म्हणाल्या, “आणि चहाही तिकडेच घ्या.”

मी मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसलो. थोरल्यांनी बटण दाबलं. घसा साफ केला. म्हणाले, “आज हवा कोरडी आहे.” मग बराच वेळ काहीच नाही. (नोंद: परवाना संचात बटण दाबल्यावर आवाज सुरू व्हायला विलंब लागतो. एक गुण वजा.) मग म्हणाले, “मी घर विकलं. पुढच्या आठवड्यात जातोय. तू भेटशील का रे?”

हवेत ‘तू’! माझा हात आक्षेप घ्यायला वर गेला, पण दारात वहिनी उभ्या होत्या, म्हणून मी डोकं खाजवलं.

पलीकडून नुसती खरखर. मग धाकट्यांचा आवाज आला, “पाच-नऊ.” आणि थोड्या वेळाने पुन्हा, “दादा, पाच-नऊ.”

समितीने हा आवाज काळजीपूर्वक ऐकला. त्यात स्पष्ट कंप होता, दुसऱ्या ‘नऊ’ला तर आवाज जवळजवळ फुटलाच. भिंतीतूनही तो तसाच फुटलेला येत होता, पण ठरावानुसार आम्ही तो ऐकला नाही. अध्यक्षांच्या मते हा निर्यात संचाच्या कृत्रिम प्रतिध्वनीचा दोष होता. माझ्या मते ती बारीक वायर नीट कापली गेली नसावी. निर्यात संचाचे दोन गुण कापले, आणि सगळ्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तुलना निर्णायक झाली. अध्यक्षांनी भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. थोरले हातातल्या मायक्रोफोनकडे पाहत बसले होते. मला अगदी गलबलून आलं. इतिवृत्तात तशी तरतूद नसल्याने ते घेतलेलं नाही.

“झाली तुमची तुलना?” वहिनी म्हणाल्या. “तो काय म्हणाला ते कुणी ऐकलं का?”

“ऐकलं ना,” मी म्हणालो. “पाच-नऊ.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी थोरल्यांचा चहाचा कप विसळून ठेवला.

जायच्या दिवशी सामानाची गाडी दाराशी लागली. सगळं चढलं, राहिली ती तार. तिचं एक टोक थोरल्यांनी सोडलं. दुसरं धाकट्यांच्या कठड्याला. अध्यक्ष आणि मी साक्षीदार म्हणून गच्चीत हजर होतो. थोरले टोक हातात धरून उभे. बराच वेळ कुणी आलं नाही. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. मग धाकटे वर आले, पक्कड घेऊन. उन्हापावसात गाठ पक्की बसली होती, पण त्यांनी ती कापली नाही. पक्कड खिशात टाकली आणि नखं मोडत गाठ सोडवली. थोरले आपल्या टोकाकडून गुंडाळत आले, धाकटे आपल्याकडून. गच्चीच्या मध्यावर, जिथे खाली भिंत आहे, तिथे दोघं एकमेकांसमोर आले.

“सुटली?” थोरल्यांनी विचारलं.

“सुटली.”

“बोटाला लागलं का?”

“नाही. थोडं.”

एवढंच बोलणं झालं. विनासंच संपर्क तुलनेच्या कक्षेत येत नसल्यामुळे त्याला गुण देता आले नाहीत. पाच-नऊ द्यायलाही माझी जीभ उचलली नाही, कारण त्यातला शब्दन् शब्द मला ऐकू आला होता.

समितीचा अहवाल यथावकाश सादर झाला. दोन्ही संच आपापल्या जागी उत्तम आहेत, खरा महत्त्वाचा तो अँटेना, आणि टेबलावरची जागा पाहता मंडळाने तूर्त आणखी एक खुर्ची घ्यावी, अशी शिफारस होती. ती अमलात आली आहे.

थोरले गेले तिथवर निर्यात संचाचा आवाज सहसा पोचत नाही. तेव्हा धाकट्यांनी परीक्षा दिली, नापास झाले, पुन्हा दिली, आणि परवाना संच घेऊन घरभर तारा ताणल्या. फोनने भागलं नसतं का, असं मी विचारलं.

“फोनवर बोलावं लागतं हो,” ते म्हणाले.

(दोघी जावा रोज फोनवर तासभर बोलतात. त्यांना त्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागलेली नाही; हा अन्याय मंडळाने सरकारच्या नजरेस आणला आहे.)

आता दर आठवड्याला भाऊ एकमेकांना हाक मारतात. थोरले म्हणतात, पाच-नऊ. धाकटे म्हणतात, पाच-नऊ. मग दोघंही बटण सोडून पलीकडची खरखर ऐकत राहतात. मीही ऐकतो, सचिव म्हणून.

एव्हाना आपल्याला हसू आलं असेल, थोडी कीवही आली असेल. काय माणसं, सख्खा भाऊ पुढ्यात आणि आवाजाचे गुण मोजत बसलेत! वाचकहो, मंडळ आपल्या भावनांचा आदर करतं. आपण फक्त आपल्या भावाला किंवा बहिणीला शेवटचा फोन केलात तेव्हा काय बोलणं झालं ते आठवून पाहा. ‘हॅलो, ऐकू येतंय का? हां, येतंय. माझं येतंय का? तुटतोय आवाज. आता? हां, आता छान येतोय. बरं मग, ठेवू?’

मंडळात एक खुर्ची रिकामी आहे. आपल्याला परीक्षा माफ.