तिसऱ्या धबधब्यापुढची पंधरा मिनिटं

शांतता ही माणसाची मूलभूत गरज आहे, आणि कुठल्याही मूलभूत गरजेप्रमाणे तिचंही वाटप समितीमार्फत झालं तरच ती सर्वांपर्यंत पोचते. एकटा माणूस गप्प बसला, तर लोक त्याला 'बरं वाटत नाही का?' असं विचारतात. तेच तेवीस माणसं बॅनर लावून गप्प बसली, तर तो उपक्रम होतो. हा फरक ओळखून अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल परिसर मराठी मित्रमंडळाने यंदा प्युर्टो रिको बेटावरच्या वर्षावनात 'शांत धबधबे' अशी एक दिवसाची सहल काढली. मंडळाचा सचिव या नात्याने तिचा अहवाल लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली. (मी ती मागून घेतली.)

बेटाची निवड विचारपूर्वक झाली होती. तिथे जाताना समुद्र ओलांडावा लागतो, लोक स्पॅनिश बोलतात, फोटोत नारळाची झाडं येतात, आणि इतकं सगळं होऊनही अमेरिकेबाहेर पाऊल पडत नाही. म्हणजे परत येताना व्हिसाचा शिक्का नको, की अधिकाऱ्यासमोर घाम फुटायला नको. आमच्या नऊ कुटुंबांपैकी सात ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. (तरीही या सातही कुटुंबांनी पासपोर्ट, ऑफर लेटर आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा धबधब्यापर्यंत सोबत बाळगल्या. धबधब्याने त्या मागितल्या नाहीत.)

सहल कंपनीचा नियम सोपा होता. जंगलात एकूण तीन धबधबे. पहिल्या दोन ठिकाणी काय हवं ते करा. तिसरा मात्र अगदी आत, वळणापलीकडे; तिथे मार्गदर्शक फक्त शांत असलेल्या माणसांनाच नेणार, आणि तिथे पंधरा मिनिटं कुणीही बोलायचं नाही.

इतका गंभीर नियम वाचल्यावर आम्ही अर्थातच कामाला लागलो. 'शांतता' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यावर सहा आठवड्यांत एक हजार आठशे सेहेचाळीस संदेश आले, त्यांपैकी तीनशे अकरा संदेश 'कृपया या ग्रुपवर अनावश्यक संदेश टाकू नयेत' असे होते. कुजबुज ही शांततेत मोडते का, खुणा करून बोलल्यास ते बोलणं धरावं का, शिंकेला परवानगी कुणाकडून घ्यायची, यावर उपसमिती नेमली गेली. क्लबहाउसमध्ये दोनदा रंगीत तालीमही झाली. पहिल्या तालमीत दोन मिनिटं चाळीस सेकंद शांतता टिकली, आणि 'किती झाली हो?' या प्रश्नाने भंगली. दुसऱ्या तालमीत प्रगती होऊन हाच प्रश्न तीन मिनिटांनी विचारला गेला.

या तेवीस जणांत रत्नाकाकू होत्या. आमचे सभासद परीक्षित यांच्या आई, वय एकाहत्तर, मूळ गाव वर्धा. परीक्षित आणि हिमानीला दुसरं बाळ झालं म्हणून त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि सहा महिने संपत आले होते. शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान होतं. परीक्षित वरच्या मजल्यावरून काम करतो, हिमानी खालच्या. मधल्या जिन्यात काकू असतात. एकदा त्यांनी गंमत म्हणून घरात कुणी 'आई' किंवा 'आजी' अशी हाक मारली, की वाडग्यात राजम्याचा एक दाणा टाकायचा, असं ठरवलं. संध्याकाळी त्या दाण्यांची चौघांना पुरेल इतकी उसळ झाली. (उसळ उत्तम झाली होती. त्या दिवशी आम्हीही तिथेच जेवलो.)

सकाळी सात वाजता बेटावरच्या हॉटेलातून व्हॅन निघाली. काकू दोन कार सीटच्या मधे बसल्या होत्या. एका बाजूला सहा वर्षांचा ईशान, दुसऱ्या बाजूला पाच महिन्यांची अनिका. अध्यक्ष मोरेश्वररावांनी प्रत्येकाला सहलीकडून असलेल्या अपेक्षा विचारल्या. कुणाला ड्रोन शॉट हवा होता, कुणाला 'डिजिटल डिटॉक्स' हवा होता आणि त्यासाठी चार्जर हवा होता. काकूंची पाळी आली.

"मला काही नको बाबा," काकू म्हणाल्या. "तिथे पंधरा मिनिटं नुसतं बसायचंय. कोणी हाक मारू नये, एवढंच."

व्हॅनमध्ये सगळे गलबलले. मीही गलबललो, माझीही आई मागच्या वर्षी सहा महिने राहून गेली होती. मोरेश्वररावांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की आज रत्नाकाकूंना कुणीही हाक मारणार नाही. हा ठराव काकूंपर्यंत नीट पोचावा म्हणून, बाळ सोडून आम्ही एकवीस जणांनी आळीपाळीने त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, "काकू, आज तुम्हाला कोणी हाक मारणार नाही हं." शेवटचा माणूस सांगून होईपर्यंत पहिला धबधबा आला. काकूंचा तेवढ्यात डोळा लागत होता, तो राहिला.

पहिल्या धबधब्यापाशी फोटो झाले. सर्वांचा, महिलांचा, पुरुषांचा, पुणेकरांचा, पुणेकर सोडून इतरांचा, पहिल्यांदा धबधबा पाहणाऱ्यांचा, आणि बॅनरसह. बॅनरवर 'शांतता' हा शब्द होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचा मोरेश्वररावांचा हसरा फोटो होता. एकूण एकशे सत्तर फोटोंपैकी अकरा फोटोंत धबधबा दिसतो. काकू एकाही फोटोत नाहीत, कारण सगळ्या फोटोंच्या वेळी बाळ त्यांच्याकडे होतं आणि त्या कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या.

दुसऱ्या धबधब्यापाशी जेवण झालं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, गूळपोळी आणि पोह्यांचा चिवडा. शांततेचा सराव म्हणून जेवताना बोलू नये असं ठरलं होतं, परंतु चिवडा हा मुळातच बोलका पदार्थ असल्याने तो नियम शिथिल करावा लागला.

आमच्या मार्गदर्शकबाईंचं नाव मारिसोल. पन्नाशीची, कमी बोलणारी. त्या व्यवसायाला ते शोभत होतं. काकूंना ती 'दोन्या रत्ना' म्हणे. (वडीलधाऱ्या बाईला तिकडे मानाने असं म्हणतात. आमच्यापैकी दोघांनी हे लगेच नोंदवून घेतलं.) जेवणं आटोपल्यावर मारिसोल म्हणाली, "तिसरा त्या वळणापलीकडे आहे. वाट सपाट आहे, कठडा आहे, तीन मिनिटं लागतात. जे गप्प असतील त्यांनी यावं."

मोरेश्वरराव उठून उभे राहिले. "जरा थांबा," त्यांनी इंग्रजीत तिला समजावलं, "प्रास्ताविकाशिवाय एकदम गप्प कसं बसणार?"

आणि हे खरंच आहे. आमच्यात कुठलीही गोष्ट प्रास्ताविकाशिवाय सुरू होत नाही आणि आभाराशिवाय संपत नाही. मग शांततेने असं काय पुण्य केलं आहे, की तिला सूट द्यावी? बॅटरीवरचा स्पीकर निघाला. जंगलात विस्तव चालत नाही म्हणून बॅटरीवरची समईही आणली होती. तिचं बटण दाबून दीपप्रज्वलन झालं. मोरेश्वररावांनी 'मौन : काल, आज आणि उद्या' या विषयावर दोन शब्द सांगितले. (एकोणीस मिनिटं.) मग मारिसोलचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळ मॉरिसव्हिलहून नेला होता. नारळाच्या बेटावर नारळ नेण्याबद्दल उपसमितीत थोडी चर्चा झाली होती, पण बेटावर आयत्या वेळी मिळेल न मिळेल याची जबाबदारी कुणी घेईना. शाल लोकरीची होती. ती अंगावर घेऊन मारिसोल त्या दमट उकाड्यात निमूट उभी राहिली. मग मोरेश्वररावांनी हात वर करून शांतता सुरू झाल्याची घोषणा केली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात शांतता सुरू झाली.

ती चार सेकंद टिकली.

"आजी, व्हेअर इज माय वॉटर?" ईशान म्हणाला.

"आई, त्याची बाटली बघता का जरा?" हिमानी म्हणाली. "आई?"

आई नव्हती. बाळ बॅनरच्या घडीवर नीट झोपवून ठेवलेलं होतं. बाजूला बाटलीही भरून ठेवलेली होती. मी ताबडतोब माणसं मोजली. तेवीस भरली. तीनदा मोजली, तीनदा तेवीस भरली. (त्यात मी मारिसोलला धरत होतो, हे नंतर लक्षात आलं.) म्हणजे नियमाप्रमाणे कुणीच हरवलेलं नव्हतं, फक्त काकू दिसत नव्हत्या.

परीक्षितचा चेहरा उतरला. "आईला इंग्लिश नीट येत नाही, फोनही व्हॅनमध्ये राहिलाय, यार," तो म्हणाला. आणि मग आम्ही सगळे हाका मारू लागलो. तीन पथकं केली. एक 'काकू' म्हणणार, एक 'आई' म्हणणार, आणि मुलांचं पथक 'आजी' म्हणणार. मोरेश्वररावांनी स्पीकरवरून 'रत्नाबाई, आपण जिथे असाल तिथून मंचाकडे यावे' असं आवाहन केलं. माझ्या अंदाजाने आठ मिनिटांत काकूंना दोनशेच्या वर हाका गेल्या. एक पोपटांचा थवा ते झाड सोडून गेला. बाळ तेवढं शांत होतं.

मारिसोलने शालीची नीट घडी केली, ती नारळाशेजारी ठेवली आणि ओठांवर बोट ठेवून ती वळणाच्या वाटेने चालू लागली. परीक्षितने बाळाला उचललं आणि आम्ही मागे निघालो.

खरं काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. प्रास्ताविक सुरू असताना काकूंनी खुणेने वाट विचारली होती आणि सत्कार स्वीकारता स्वीकारता मारिसोलने बोट दाखवलं होतं. यात नियमभंग काहीच नव्हता. शांत असलेल्यांनाच पुढे जायची परवानगी होती, आणि त्या निकषात काकू एकट्याच बसत होत्या.

वळणापलीकडे तिसरा धबधबा होता. फार मोठा नाही. काळ्या दगडावरून पाणी सरळ खाली येत होतं आणि सगळीकडे ओलं, हिरवं होतं. काकू एका खडकावर आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. चपला बाजूला काढलेल्या, पातळ जरा वर खोचलेलं, पाय पाण्यात.

मागून ईशानने एकदा हाक मारली, तेव्हा त्यांची मान थोडी हलली. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. मघापासूनच्या सगळ्या हाका त्यांना ऐकू आल्या होत्या, आणि त्यांनी एकीलाही ओ दिली नव्हती. हिमानीने ईशानच्या तोंडावर हात ठेवला. मोरेश्वररावांनी स्वतःहून स्पीकर बंद केला. आणि मग बावीस माणसं, कुठलीही घोषणा न होता, खरोखर गप्प झाली. पाण्याचा आवाज मी त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मारिसोलने आपलं घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि बोटांनी आधी अकरा दाखवले, मग चार. अकरा मिनिटं झाली होती. चार राहिली होती. चार मिनिटं म्हणजे काही फार नव्हे. मला अगदी मनापासून वाटलं, की काकूंना ती मिळालीच पाहिजेत. आणि ती त्यांनी निवांत, कसलीही काळजी न करता घ्यावीत, म्हणून सचिव या नात्याने त्यांना तसं कळवणं मला आवश्यक वाटलं.

"काकू!" मी मोठ्याने म्हणालो, कारण पाण्याचा आवाज होता. "सावकाश बसा हं! अजून चार मिनिटं आहेत तुमची! आम्ही कोणी बोलत नाही!"

काकू वळल्या. आमच्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग पाय पाण्याबाहेर काढले, पदराने पुसले आणि चपला घातल्या.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "आण, दे तिला इकडे. भूक लागली असेल."

आभारप्रदर्शन परतीच्या व्हॅनमध्ये झालं. इतिवृत्तात मौनाचा कालावधी पंधरा मिनिटं असा नोंदवला आहे. (पूर्णांकात.) काकू शुक्रवारी गेल्या. विमानतळावर त्यांनी हिमानीला फ्रीजमधल्या डब्यांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. शांतता उपक्रम यशस्वी झाल्याचं सर्व सभासदांनी कळवलं असून, पुढच्या वर्षीसाठी तो अधिक व्यापक करावा, मंडळाबाहेरच्या इच्छुकांनाही त्यात घ्यावं, अशी सूचना आली आहे.

त्यानुसार काल नोंदणी उघडली. चाळीस मिनिटांत सदतीस अर्ज आले. शांतता भंगू नये म्हणून या खेपेला अर्जात 'सहलीत मुलांकडे कोण पाहील?' असा एक रकाना ठेवला होता. सदतीस अर्जांत मिळून उत्तर एकच आलं आहे : आई. (त्यांत चार 'सासूबाई' आहेत.) काही जणांनी त्यांच्या विमानाच्या तारखाही जोडल्या आहेत.

आपला अर्जही मिळाला. अक्षर सुवाच्य आहे, सही जागेवर आहे. उत्तरापुढे आपण कंसात 'तिला आवडतं' असंही लिहिलं आहे. तेवढं मात्र तिला विचारून लिहिलंत का, हे कळवावं. समितीला नोंद ठेवावी लागते.