गावंडेंचं सातवं कारण

गावंडेंना चहात साखर किती घालू असं विचारलं की ते म्हणतात, "वहिनी, १८१९ साली अमेरिका का बुडाली, माहीत आहे?" त्यामुळे साखर किती ते मला आजवर कळलेलं नाही. मी आपली अंदाजाने दोन चमचे घालत आले.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये प्रत्येक मराठी माणसाला काहीतरी वेड आहे. कुणी थंडीत कढीपत्त्याची कुंडी घरात घेऊन तिच्याशी गप्पा मारतं, कुणी गॅरेजमध्ये लोणची मुरवतं. गावंडेंना दोनशे वर्षांपूर्वीची मंदी आहे. माणूस मूळचा अकोल्याकडचा, पेशाने पुलांचा इंजिनियर. लायब्ररीच्या सेलमध्ये जुन्या पुस्तकांची एक पिशवी घेतली, तिच्या तळाशी या मंदीचं जाडजूड पुस्तक निघालं, आणि तेव्हापासून पूल मागे पडले.

"सात कारणं आहेत," असं म्हणून ते एक बोट वर करतात. "सहा तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळतील. सातवं माझं."

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यावर एक भाषण द्यायचं ही त्यांची मोठी इच्छा. आणि आडवी कोण, तर मी. तेव्हा मी मंडळाची सेक्रेटरी होते. बॉबकट, गळ्यात अडकवलेला चष्मा, ओठांवर नुकतंच शिकलेलं 'ओह माय गॉड', आणि हातात पितळी घंटा. घंटा होती देवघरातली, पण तोरा असा, की सगळं ओहायो राज्य मीच चालवते.

एका संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी त्यांना दहा मिनिटं दिली. भाषण राहिलं बाजूला, ते थेट जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"हा तिळाचा लाडू म्हणजे सोनं," ते म्हणाले. "बँकेत लाडू एकच. पण बँक पापड छापते. पापड परत आणा, लाडू घेऊन जा, असं वचन देते." वीस जणांच्या हातात त्यांनी वीस पापड ठेवले. मंडळी खूश. एकाने तर पापड देऊन शेजारणीकडून बटाटेवडाही मिळवला. मग गावंडे पहिल्या माणसाच्या कानात हळूच म्हणाले, "लाडू एकच आहे बरं का."

बातमी रांगेच्या शेवटापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागलं. डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर, सगळी शिकलेली माणसं पापड उंचावून त्या एका लाडवावर चालून आली. पलीकडच्या टेबलावर लाडवांचा अख्खा डबा भरलेला होता, पण तिकडे कुणी बघेना. आमटीचं पातेलं कलंडलं ते नेमकं माझ्या पैठणीवर.

"बघितलं? कारण क्रमांक एक," गावंडे आनंदाने म्हणाले.

मी घंटा वाजवली. "वेळ संपली, गावंडे."

"अहो, अजून सहा आहेत."

"पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही मी घंटाच वाजवली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आता आठवलं की ती घंटा माझ्याच डोक्यात घालावीशी वाटते.

दुसरं कारण मात्र मी त्यांना स्वखर्चाने करून दाखवलं. त्या काळात आमच्या ओळखीतला जो तो गावाबाहेर जमीन घेत सुटला होता. शहर तिकडेच वाढणार म्हणे. मी आमच्या ह्यांच्या मागे लागले आणि भर फेब्रुवारीत एक प्लॉट घेतला. सपाट, पांढराशुभ्र, कुठे उंचवटा म्हणून नाही. मी मनातल्या मनात तिथे पोर्च, झोपाळा, स्विमिंग पूलसुद्धा बांधून टाकला.

एप्रिलमध्ये भूमिपूजनाला सगळ्यांना बोलावलं. बर्फ वितळलं होतं. प्लॉटवर गुडघाभर पाणी होतं आणि पाण्यात बदकं होती. स्विमिंग पूल तयारच होता. गुरुजी गाडीतून उतरायलाही तयार होईनात. गावंडे तेवढे गमबूट घालून आले होते. ते माझ्या हातातला नारळ घेऊन पाण्यात शिरले आणि मी बोट दाखवलं तिथे तो ठेवला. नारळ तरंगत बदकांच्या दिशेने निघाला.

"कारण क्रमांक दोन," ते पाण्यात उभे राहून म्हणाले. "याच ओहायोत तेव्हा लोकांनी न बघता, उधारीवर, मैलोगणती जमीन घेतली होती. वहिनी, तुम्ही परंपरा राखलीत. अभिनंदन."

मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. पण बदकांमागे जाऊन तो नारळ परत आणला आणि रुमालाने पुसून माझ्या हातात दिला तोही त्यांनीच. तेव्हा ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग गावंडेंच्या पत्नी सुशीलाताई गेल्या. तेरा दिवस घरात माणसं मावत नव्हती. चौदाव्या दिवशी मी डबा द्यायला गेले, तर गावंडे पुसलेलं टेबल पुन्हा पुसत बसले होते. जे तोंडाला आलं ते बोलले. "रविवारी चहाला या. तुमचं ते सातवं कारण ऐकायचं राहिलंय."

ते आले. आणि त्यानंतरचा एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. बाकीची चार कारणं मला त्यात पाठ झाली. युरोपातली लढाई संपली, तिथले सैनिक शेतावर परतले, आणि अमेरिकेचा गहू कुणी विचारीना. मोठ्या बँकेने आधी सढळ हाताने कर्जं दिली, मग एकदम सगळ्यांकडे परत मागितली. होतं नव्हतं ते सोनं लुइझियाना विकत घेतल्याचे पैसे फेडायला समुद्रापार गेलं. आणि त्यांचं सगळ्यात लाडकं कारण म्हणजे कापूस. विलायतेच्या गिरण्यांनी हिंदुस्थानातला स्वस्त कापूस उचलला आणि अमेरिकेचा भाव कोसळला.

"त्यात एक तरी गठडी आपल्या वऱ्हाडातली होती, बापा," ते छाती फुगवून सांगत.

"पुरावा?"

"नव्हती, याचा तरी कुठे आहे?"

आमचे हे अशा वेळी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत आणि प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवत. सातवं कारण मात्र दर वेळी राहायचं. कधी चहा संपायचा, कधी बर्फ पडायला लागायचं. "सातवं पुढच्या रविवारी," असं म्हणून गावंडे कोट चढवायचे.

गेल्या वर्षी नातीचा शाळेचा प्रोजेक्ट याच मंदीवर होता. तिने चार दिवस वाचून मला सांगितलं, "आजी, देअर इज नो सेवन्थ कॉज. आय चेक्ड."

"हळू बोल," मी म्हटलं.

या महिन्यात गावंडेंनी घर विकलं. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला असते, ती म्हणाली, बाबा, आता एकटं राहायचं नाही. शेवटच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसले.

"आज सातवं सांगून टाकतो, वहिनी."

ह्यांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गावंडेंनी बोट वर केलं. "सुशीला गेल्यावर तुम्ही म्हणालात, सातवं ऐकायचं राहिलंय. म्हणून मी ते राहू दिलं. सांगून टाकलं असतं, तर पुढच्या रविवारी काय म्हणून आलो असतो? पण जाताना फसवाफसवी नको. खरं म्हणजे सातवं..."

मी उठले. देवघरातून घंटा आणली आणि जोरात वाजवली.

"वेळ संपली, गावंडे."

गावंडेंचं बोट तसंच वर राहिलं.

"सातवं पुढच्या रविवारी," मी म्हटलं. "फोनवर. तुमच्याकडे दुपार असेल, आमच्याकडे चहाची वेळ. दोन्हीकडे चहा ठेवायचा."

त्यांनी बोट हळूहळू खाली घेतलं. कपातला शेवटचा घोट संपवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आता तुमच्या हातचा नसणार, म्हणून सांगतो. मी चहा बिनसाखरेचा घेतो."